झीज आणि झिलई

आयर्लंडमधील कॉर्क शहरांत १९६३ सालीं रोरी गॅलहर नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलानें एका दुकानांतून विजेवर वाजणारी एक वापरलेली गिटार शंभर पौंडांस विकत घेतली. पैसे हप्त्यांनीं फेडावयाचे होते. गिटार फेंडर कंपनीची, ‘स्ट्रॅटोकॅस्टर’ जातीची व १९६१ सालची होती. तिच्या अंगावर मधोमध पिवळी आणि कडेस काळसर होत गेलेली तकतकीत झिलई होती. पुढील तीस वर्षांत ती झिलई बहुतेक नाहींशी झाली. १९६६ सालीं गिटार डब्लिनमध्यें चोरीस गेली व पावसांत पडलेली सांपडली. उरलेलें काम रोज रात्रीच्या घामानें केलें. गॅलहर १९९५ सालीं वारला. २०२४ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें लिलांव झाला, तेव्हां त्या उघड्या पडलेल्या लांकडास ८,८९,४०० पौंड किंमत आली आणि तें वाद्य आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास देण्यासाठीं घेण्यांत आलें.

ज्या वर्षीं गॅलहर वारला, त्याच १९९५ सालच्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें वाद्यव्यापाऱ्यांचें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत फेंडर कंपनीनें मांडलेल्या कांहीं गिटारी चाळीस वर्षें वापरल्यासारख्या दिसत होत्या. रोगण उडालेलें, धातूचे भाग गंजलेले, पांढऱ्या बटणांवर पिवळट छटा. वास्तविक त्या नुकत्याच घडविलेल्या होत्या. त्यांस नांव दिलें होतें ‘रेलिक’, म्हणजे पुराणावशेष! नव्या वस्तूला जुनी करून अधिक किंमतीस विकावें आणि जाणत्या लोकांनीं ती जाणूनबुजून घ्यावी, हें कसें घडलें?

या गिटारींचा मूळ कर्ता लिओ फेंडर (१९०९–१९९१) हा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. फुलर्टन या गांवीं १९३८ सालीं त्यानें आपलें दुकान काढलें. त्यास स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. वाद्य म्हणजे पोटासाठीं वाजविणाऱ्याचें अवजार, अशी त्याची साधी दृष्टि होती. १९५० सालीं त्यानें ‘ब्रॉडकास्टर’ बाजारांत आणली. पुढील वर्षीं तिचें नांव ‘टेलिकॅस्टर’ झालें. त्याच १९५१ सालीं ‘प्रिसिजन बेस’ व १९५४ सालीं ‘स्ट्रॅटोकॅस्टर’ निघाली. या वाद्यांची दांडी अंगास चार स्क्रूंनीं आंवळलेली असे. ती झिजली कीं काढून दुसरी बसवावी, इतकें सोपें. झीज ही त्याच्या लेखीं दुरुस्तीची बाब होती, भूषण नव्हे.

त्या काळचें नायट्रोसेल्युलोज रोगण फार पातळ असे. काळानें तें पिवळें पडे, थंडी व उष्णता यांच्या फेरफारानें त्यांत बारीक तडे जात आणि हाताच्या घर्षणानें तें निघून जाई. म्हणून प्रत्येक खुणेस कारण असे. वरच्या कडेवर उजव्या हाताची कोपरापुढील बाजू टेके, तेथील रंग आधीं जाई. पाठीवर कंबरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पडत. मेपल लांकडाच्या दांडीवर बोटें जेथें वारंवार पडत, तेथें काळसर डाग उमटत. ज्यास वाचतां येतें त्यास असें वाद्य जुन्या दप्तराप्रमाणें आपली हकीकत सांगतें.

१९६५ सालीं ही कंपनी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग या बड्या संस्थेनें १ कोटी ३० लक्ष डॉलरांस घेतली. त्यानंतर मालाचा दर्जा उतरला असें अनेक वादकांचें मत झालें. पुढें रोगणही जाड व चिकट वाटणारें आलें. साहजिकच १९६५ पूर्वींच्या वाद्यांस मागणी वाढली आणि किंमती चढत गेल्या. कष्टकरी वादकासाठीं केलेलें अवजार संग्राहकाच्या तिजोरींत गेलें. ज्यांच्यापाशीं तें उरलें, त्यांस रोजच्या कार्यक्रमास नेण्याचा धीर होईना. ‘रेलिक’चा जन्म या अडचणींतून झाला. हातास गुळगुळीत लागणारी दांडी, पहिल्या ओरखड्याचें भय नाहीं, आणि चोरीस गेली तरी दुसरी मिळेल, ही सोय खरी होती. मिसूरी राज्यांतील व्हिन्स क्युनेटो हा कारागीर आरंभीं हें काम करून देई. कांचकागदानें घासणें, अतिशीत फवाऱ्यानें रोगणास तडे पाडणें, आम्लाच्या वाफेनें धातु काळवंडविणें, अशा या धंद्यांतील युक्त्या आहेत. २०२१ सालीं गिब्सन कंपनीनें तर अति-हलक्यापासून अति-जडापर्यंत झिजेच्या चार प्रती ठरविल्या. कापडाच्या प्रतींसारखें गिऱ्हाइकानें आपलें वार्धक्य निवडावें!

ही हौस मात्र नवी नव्हे. झां-बातिस्त व्हियोम (१७९८–१८७५) या पॅरिसच्या कारागिरानें स्ट्रॅडिव्हॅरीच्या व्हायोलिनांच्या नकला झिजलेल्या झिलईसकट केल्या. त्यानें केलेली प्रत समोर ठेवल्यावर पॅगनिनीस आपलें वाद्य ओळखतां आलें नाहीं, अशी आख्यायिका आहे. या हौसेनें घेतलेला सूडही विलक्षण. १७१६ सालचें स्ट्रॅडिव्हॅरीचें ‘मेसाया’ व्हायोलिन व्हियोमच्या हातीं १८५५ सालीं आलें. आज तें ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयांत आहे. तें जवळजवळ वाजविलेलेंच नसल्यानें नव्यासारखें दिसतें, आणि म्हणून तें व्हियोमनेंच केलें असावें असा संशय घेण्यांत आला. पुढें लांकडांतील वलयें मोजून तें लांकूड स्ट्रॅडिव्हॅरीच्या काळाशीं जुळतें असें दिसून आलें. खोटें वार्धक्य पसरलें कीं खरें तारुण्यही साक्षीदारावांचून उभें राहूं शकत नाहीं.

बेस गिटारींतही असेंच घडलें. जॅको पॅस्टोरियस याची १९६२ सालची ‘जॅझ बेस’ पडदे काढलेली होती व तिच्या पट्टीवर नौकांस लावतात तसें इपॉक्सी चढविलेलें होतें. १९८६ सालीं ती न्यूयॉर्कमध्यें चोरीस गेली. पुढच्याच वर्षीं तो वारला. मूळ वाद्य बेपत्ता असतांनाच त्याची झिजलेली प्रतिकृति कंपनीनें विकावयास काढली. मूळ वाद्य सुमारें वीस वर्षांनीं सांपडलें.

प्रतिकृति म्हणून उघडपणें विकलेली वस्तु ही फसवणूक नव्हे. फसवणूक होते ती दुसऱ्या-तिसऱ्या हातीं, जेव्हां तिचा दाखला हरवतो किंवा मुद्दाम लपविला जातो. जुन्या वाद्यांची किंमत झिजेवर ठरूं लागली कीं बनावट झीज हें खोट्या दस्तऐवजासारखें होतें, आणि इतिहास तेवढा गढूळ होतो.

गॅलहरच्या गिटारीच्याही प्रतिकृति कंपनीनें विकल्या आहेत; मूळ गिटारीवर जेथें रंग गेला, तेथेंच त्यांवरही तो काढलेला असतो. तशी एखादी गिटार घेऊन कोणी तरुण रोज दोन तास मेहनत करील, तर त्याचा हात गॅलहरच्या जागीं टेकणार नाहीं. कांहीं वर्षांनीं थोडें वर किंवा थोडें खालीं, जेथें कंपनीनें झिलई शाबूत ठेविली होती, तेथें लांकूड दिसूं लागेल. तेवढी खूण मात्र त्याची स्वतःची असेल.