दाभोळचें गलबत आणि नऊ अंक

वाशिष्ठीच्या मुखाशीं वसलेलें दाभोळ आदिलशाहीच्या काळीं कोंकणांतील एक संपन्न बंदर होतें. येथून अरबस्तानाकडे माल जाई, मक्केचे यात्रेकरूहि जात. डिसेंबर १५०८ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा यानें तें जाळलें. पोर्तुगीजांनीं या समुद्रावरील जहाजांस ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घेणें भाग पाडलें. नाखव्याचें नांव, जहाजाचा आकार, शस्त्रें, जावयाचें बंदर, असा मजकूर त्यांत असे. परवाना नसेल, किंवा कागद व जहाज यांचा मेळ बसला नाहीं, तर मालासह जहाज जप्त होण्याचें भय असे. ओळख पटणें हा व्यापाऱ्याच्या सर्वस्वाचा प्रश्न होता.

परंतु कागद वाचावयाचा तर जहाज जवळ यावें लागे. दुरून ओळख पटावयाची तर ती आंखूड हवी. इ. स. १८५७ च्या ब्रिटिश संकेतावलींत अठरा निशाणें होतीं. एकहि निशाण दुसऱ्यांदा न वापरतां चार-चार निशाणांच्या ७३,४४० रचना होतात. त्यांपैकीं कांहीं जहाजांच्या ओळखीसाठीं होत्या. वर्णन नोंदवहींत राहिलें, डोलकाठीवर केवळ खूण उरली.

आज तें काम नऊ अंक करतात. भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ नें सुरू होतो व स्वयंचलित ओळखयंत्र तो रेडिओवरून प्रसृत करतें. शून्य किंवा एक मावणारें घर म्हणजे बिट. अशा आठ घरांचा एक बाइट. नऊ अंक अक्षरांप्रमाणें लिहिल्यास नऊ बाइट, म्हणजे ७२ बिट लागतात. तीच एक संख्या मानल्यास ३० बिट पुरतात. कारण तितक्या घरांत १,०७,३७,४१,८२४ निरनिराळ्या संख्या मावतात. म्हणून संदेशांत क्रमांकास ३० बिटच दिलेले आहेत.

ही काटकसर मायक्रोकंट्रोलर नांवाच्या इवल्याशा गणकयंत्रास फार उपयोगी पडते. समजा, यादीसाठीं २०४८ बाइट मोकळे आहेत. अक्षररूपानें त्यांत २२७ क्रमांक बसतील. चार बाइटांच्या संख्यारूपानें ५१२. नऊ अक्षरें एकेक करून पडताळण्याऐवजीं संख्येशीं संख्या ताडली कीं झालें. यादी चढत्या क्रमानें लावून दर वेळीं मधोमध पाहत गेल्यास दहा पडताळ्यांत निकाल लागतो.

येथें एक सावधगिरी हवी. किनाऱ्यावरील केंद्रांचे क्रमांक दोन शून्यांनीं सुरू होतात व संख्येंत तीं शून्यें लोपतात. दाखवितांना नऊ घरें पुन्हा भरावीं लागतात.

कार्ताझमध्यें जहाजाचें वर्णन तरी होतें. या ३० बिटांत तें नाहीं. तें दप्तरांत आहे. दप्तर चुकीचें असेल, तर खूण जुळूनहि ओळख चुकीचीच ठरेल.