लव्हाळा आणि मोथा : नाशिकच्या बागेबाहेर राहिलेले एक कुल

मोगल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद असे होते. पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले. गुलशन म्हणजे फुलबाग. परंतु गोदावरीच्या काठी, पाटाच्या कडेने आणि विहिरीच्या थारोळ्याशी आपोआप वाढणाऱ्या त्रिधारी दांड्याच्या वनस्पतींना या फुलबागेत कधीच स्थान मिळाले नाही. लव्हाळा, मोथा, कसेरू ही त्यांची परिचित नावे. शोभेच्या वनस्पती म्हणून त्यांचा इतिहास लिहावयाचा तर तो मुख्यतः त्यांच्या वगळले जाण्याचा इतिहास ठरतो. आणि त्याची कारणे मातीत जितकी आहेत तितकीच शब्दांतही आहेत.

‘मोथा’ हा शब्द संस्कृत ‘मुस्ता’पासून आला. संयुक्त व्यंजनापूर्वीच्या उकाराचा प्राकृतात ओकार होतो व ‘स्त’चा ‘त्थ’ होतो. ‘पुस्तक’पासून ‘पोथी’ ज्या वाटेने आली त्याच वाटेने ‘मोत्था’मधून ‘मोथा’ आला. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या दोन्ही शब्दांची प्राकृत रूपे एकाच नियमाखाली दिली आहेत. अमरकोशात मुस्तेला ‘मेघनामा’ म्हटले आहे. म्हणजे मेघाची जी नावे ती तिचीही. म्हणूनच वैद्यकीय ग्रंथांतील काढ्यांत ‘घन’ किंवा ‘अब्द’ आला की तो ढग नसून मोथा असतो, हे विद्यार्थ्याला आधी शिकावे लागते. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत मृगया थांबवितो, तेव्हा डबक्यातील मोथा निर्धास्तपणे उकरण्याची मुभा रानडुकरांना मिळते. राजाच्या उपवनात नव्हे, डबक्यात. या वनस्पतीचा पत्ता तेव्हाही तोच होता.

मराठीत मात्र एकाच झाडाची दोन बिऱ्हाडे झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला सायपेरस रोटुंडस म्हणतात तो वैद्याच्या तोंडी मोथा आणि शेतकऱ्याच्या तोंडी लव्हाळा. पहिल्या नावाला औषधाची प्रतिष्ठा आहे. त्याचाच भाऊबंद नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात सुगंधासाठी पडतो. दुसऱ्या नावाला खुरपे चिकटले आहे. पुरातही तगून राहणारा नम्र लव्हाळा तुकारामांच्या अभंगामुळे घरोघर माहीत आहे खरा. पण तो दृष्टांतापुरता. शेतात त्याला आदर नाही, आणि शेतकऱ्याची तक्रार खोटीही नाही. जगातील सर्वांत त्रासदायक तणांचा जो प्रसिद्ध आढावा १९७७ मध्ये प्रकाशित झाला त्यात याच वनस्पतीला पहिला क्रमांक देण्यात आला.

इंग्रजी अमदानीत या कुलाचा अभ्यास झाला, लागवड झाली नाही. हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानविषयक ग्रंथात क्लार्कने, मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात (१९०१–१९०८) कुकने, आणि पुढे ब्लॅटर व मॅकॅन यांनी या जातींची काटेकोर वर्णने केली. बागेत मात्र आली ती आफ्रिकेतील छत्रीसारख्या पानांची सायपेरस आणि ईजिप्तचा पपायरस, म्हणजे याच कुलातील परदेशी पाहुणे. परसातील मोरीपाशी अळूच्या शेजारी उभी असलेली कर्दळही मूळची अमेरिकेतील. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने तर पुढे नद्याच व्यापल्या. घरचे तण बागेत आले नाही आणि बागेतले पाहुणे तण झाले, असा हा उलटा व्यवहार आहे.

नाशिक जिल्ह्यात या कुलाचे खरे घर पाहावयाचे तर निफाड तालुक्यातील नांदूर-मधमेश्वर येथे पाहावे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून दलदल तयार झाली. पाण्याची पातळी उतरली की उघड्या गाळावर लव्हाळ्याच्या जाती उगवतात आणि पाणपक्षी त्यांत चरतात व दडतात. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून या जागेची नोंद झाली. शहरात रामकुंडाच्या परिसरात मात्र पात्र व काठ काँक्रीटने बांधले गेल्यावर अशा वनस्पतींना मूळ धरण्यास मातीच उरली नाही.

अभयारण्यातून रोपे उपटणे वर्ज्यच. शेताच्या बांधावरची पुरतात. मोथा मोकळ्या वाफ्यात लावणे म्हणजे शेजाऱ्याचे शाप घेणे होय, कारण त्याचे कंद साखळीने पसरतात. बुडाला भोक नसलेल्या घमेल्यात काळी माती घालून वर बोटभर पाणी ठेवले, तर तो आवरता येतो. कसेरू दलदलीत माणसाच्या उंचीला पोहोचतो आणि त्याचे कंद खाण्यातही येतात. लहानशा हौदाच्या कडेला तो शोभतो, पण त्यालाही बांध हवाच. फिम्ब्रिस्टायलिस प्रजातीतील झुपक्याने वाढणाऱ्या जाती त्या मानाने सालस आहेत. ओलसर कोपऱ्यात त्यांचे तपकिरी तुरे पावसाळ्याच्या अखेरीस पाहण्यासारखे असतात.

मराठी विश्वकोशाने या कुलाला ‘मुस्तक कुल’ हे नाव दिले. अमरकोशातील शब्द त्यामुळे परत आला खरा. पण रोपवाटिकेत आजही छत्रीच्या आकाराचे परदेशी रोप ‘अंब्रेला पाम’ म्हणून विकले जाते. ते पामही नव्हे आणि नाशिकचेही नव्हे.