आगीने मारलं की माणसाने?

इमाम गझालींच्या ‘तहाफुत अल-फलासिफा’ या 1095 च्या ग्रंथात एक साधं उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याला आगीत ढकललं आणि तो मेला, तर खुनी कोण? ढकलणारा, आगीला कोणी खुनी म्हणत नाही. वाद अल्लाहच्या कर्तेपणाचा होता. सूर्यापासून उजेड यावा तसं जग अल्लाहपासून अपरिहार्यपणे निघतं, असं फलसफी मानत. गझाली म्हणाले, मग त्याला फाइल, म्हणजे कर्ता, म्हणू नका; कर्ता तो, जो जाणून आणि इराद्याने करतो. पुढच्या शतकात इब्न रुश्दने उलट विचारलं: कोणी ढकललंच नसेल आणि माणूस जळाला, तर ‘आगीने जाळलं’ हे काय नुसतं बोलण्यापुरतं?

गझालींनी बुद्धीची दारं बंद केली, असं आपल्याकडे सर्रास ऐकवलं जातं. उसूल-ए-फिकहवरच्या ‘अल-मुस्तस्फा’ची सुरुवातच त्यांनी मन्तिकने, तर्कशास्त्राने केली आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

1988 साली नुएल बेल्नॅप आणि मायकेल पर्लॉफ यांनी ‘घडवून आणणे’ या क्रियेचं तर्कशास्त्र मांडलं. काळ म्हणजे फांद्या फुटत जाणारं झाड. एका क्षणी माझ्यापुढे काही पर्याय असतात. मी निवडलेल्या पर्यायातल्या प्रत्येक फांदीवर ती गोष्ट घडत असेल, आणि ती न घडण्याची वाटही मोकळी असेल, तरच ती मी घडवली. आगीपुढे पर्याय एकच, म्हणून ती कर्ता नाही. गझाली जिंकले म्हणावं, तर इथे इराद्याचा उल्लेखच नाही!

कर्ते अनेक असले की खरी गुंतागुंत होते. दोघांपैकी एकट्याच्या निवडीने काहीच पक्कं होत नाही, दोघांच्या मिळून होतं. तेव्हा कर्ता तो गट. अनेक यंत्रं एकत्र काम करतात तिथे संगणकशास्त्रज्ञ हेच तर्कशास्त्र वापरतात.

2018 साली अमेरिकेतल्या टेंपी शहरात चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. ती महिला यंत्रणेला 5.6 सेकंद आधी दिसली होती. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक कंपनीने बंद ठेवला होता. गाडीत देखरेखीला बसलेल्या चालक महिलेची नजर रस्त्यावर नव्हती. ब्रेक चालू असता किंवा नजर समोर असती, तर कदाचित जीव वाचला असता. म्हणजे एकट्या कोणी तो मृत्यू पक्का केला नव्हता. 2019 मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असं ठरवलं. 2023 मध्ये चालक महिलेने गुन्हा कबूल केला.