फर्ग्युसन ते हिंगणे, रोज पायी

कर्वे रोडवरून तुम्ही कधी चालत गेला आहात का? पूर्ण रस्ता, डेक्कनपासून कर्वे पुतळ्यापर्यंत? बहुतेक नसालच. त्या रस्त्यावर आपण दुचाकीवर घाम गाळतो, नळस्टॉपला सिग्नल मोजतो, आणि २०२२पासून डोक्यावरून मेट्रो जाते ती बघतो. मी गेल्या उन्हाळ्यात मुद्दाम चालले. फर्ग्युसनच्या फाटकापासून निघून कर्वेनगरातल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेपर्यंत. पाच-सहा किलोमीटर भरतं. मधे दोनदा उसाचा रस आणि एकदा फुटपाथच गायब, असं धरून मला दीड तास लागला.

हे करायचं कारण एक दिनक्रम. १९००च्या सुमारास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा एक चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक दिवसाचे तास संपवून हिंगण्याला चालत जायचा. तेव्हाच्या मोजणीत पुण्यापासून चार मैल. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता, शेतातून जाणारी वाट होती. पावसाळ्यात गुडघ्याइतका चिखल. बरोबर कधी तिकडे लागणारं वाणसामान. हिंगण्याच्या माळावर एक झोपडी, आणि तीत काही विधवा मुली. त्यांना शिकवायचं, हिशेब बघायचे, रात्री तिथेच झोपायचं आणि सकाळी उठून परत चालत पुण्याला, कॉलेजच्या तासाला. हे साधारण दोन वर्षं चाललं.

धोंडो केशव कर्वे. सगळे अण्णा म्हणत.

मी स्वतः सकाळी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि संध्याकाळी क्लास घेते, त्यामुळे दोन नोकऱ्यांच्या दिवसाबद्दल मला जरा जास्तच कुतूहल आहे. पाठ्यपुस्तकातला कर्व्यांचा फोटो म्हणजे पांढरी दाढी आणि ‘भारतरत्न’. त्या फोटोतून दिवस दिसत नाही. दिवस बघायचा तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

चालण्याची सवय जुनी होती. जन्म १८५८चा, वाढले कोकणात दापोलीजवळच्या मुरुडला. सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हा पोरगा मित्रांबरोबर मुरुडहून साताऱ्याला चालत गेला. सह्याद्री ओलांडून, शंभरावर मैल. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. परत फिरला. आज आपण हॉल तिकिटावरचा फोटो धूसर आला तरी रडतो.

पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेज, १८८४ला गणित घेऊन बी.ए. आणि मग दोन काय, तीन-तीन नोकऱ्या. कॅथीड्रल आणि अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळा, मराठा हायस्कूल, शिवाय खासगी शिकवण्या. एक शाळा सुटली की दुसरी गाठायची, ट्रॅम आहे पण पैसे वाचवायचे. या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. मिळालेल्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा ते बाजूला टाकत, मुरुडच्या गावकामासाठी. ‘मुरुड फंड’ असं त्याचं नाव. तेव्हा रुपयात चौसष्ट पैसे, म्हणजे दीड टक्का. रक्कम छोटी, पण दर कमाईला आधी तो पैसा वेगळा काढायचा हा हिशेबी स्वभाव पुढे सगळ्या कहाणीत दिसत राहतो, चांगल्या अर्थाने आणि वाईटही.

१८९१ हे त्यांच्या आयुष्यातलं घुसळणीचं वर्ष. पत्नी राधाबाई वारल्या. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यामुळे फर्ग्युसनला गणिताला माणूस हवा होता. एल्फिन्स्टनमधली गोपाळ कृष्ण गोखल्यांची ओळख कामी आली आणि कर्वे पुण्यात आले. सोसायटीच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये. मुंबईच्या शिकवण्यांची धावपळ संपली, एकच नोकरी, ठरलेले तास. इथे एखाद्याने बूड टेकलं असतं.

११ मार्च १८९३ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी, कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण. लग्नानंतर आनंदीबाई, आणि सगळ्यांच्या तोंडी बाया. मुरुडने बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी रुपयामागे पैसा काढला, त्या गावात अण्णांच्या घरच्यांनाही आपल्या मुलाला घरात घेता येईना.

विधवाविवाहाचं मंडळ चालवताना कर्व्यांच्या लक्षात आलं की लग्न लावून देणं हा फार थोड्यांपुरता उपाय आहे. बाकीच्यांना शिकायला जागा हवी. १८९६ला अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली आणि १८९९ला पुण्यात आश्रम सुरू झाला. पण पुण्यात प्लेग. १८९७च्या साथीत रँडचा खून झाला तो आपल्याला पाठ असतो, पण साथ त्यानंतरही वर्षानुवर्षं येत राहिली हे कुणी सांगत नाही. गाव सोडून माळावर राहणं तेव्हा पुणेकरांचं नेहमीचं झालं होतं. रावबहादूर गोखले (हे वेगळे गोखले) यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९००ला आश्रम तिकडे गेला. आणि अण्णांचं चालणं सुरू झालं.

गाडी का नाही केली, असं मनात येतंच. टांगे होते. पण मंडळीच्या पैशातला रुपया टांग्यावर घालवायचा नाही, आणि स्वतःचा पगारही जमेल तेवढा तिकडेच. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचं. उन्हाळ्याची सुट्टी ही प्राध्यापकाची खरी चैन, ती दरवर्षी लोकांच्या दारात उभं राहण्यात गेली. दुसरी नोकरी म्हणायची तर ही बिनपगारी, उलट पगार खाणारी नोकरी होती.

पुण्यात हा प्रकार नवा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. जोतीराव फुले मुलींच्या शाळा चालवत असतानाच स्कॉटिश मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिकवत, पुढे बांधकामाची कंत्राटं घेत. या शहरातल्या बऱ्याच सुधारणा कुणाच्या तरी पगाराच्या नोकरीतून उरलेल्या वेळात झाल्या आहेत.

पण हा उरलेला वेळ येतो कुठून? इथे मला कर्व्यांच्या दिनक्रमातली दुसरी बाजू बघावीशी वाटते. १९००मध्ये घरी शंकर पाच-सहा वर्षांचा आणि दिनकर जेमतेम वर्षाचा होता. संध्याकाळी नवरा चार मैलांवर निघून जातो आणि सकाळी येतो तो कॉलेजला पळण्यापुरता. मुलाला रात्री ताप चढला तर? तर बाया आहेत. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा अण्णांनी आश्रमाच्या नावे केली, म्हणजे उद्या काही झालं तर मागे राहणाऱ्या बाईच्या हाती तेवढंही नाही. आणि ती बाई कोण, तर वैधव्य म्हणजे काय हे लहानपणापासून अंगावर सोसलेली. विधवांसाठी झटणाऱ्याने आपल्याच बायकोला पुन्हा विधवा होण्याची भीती अशी उघड्यावर ठेवावी, हे मला पचत नाही. अण्णांबद्दल आदर असूनही नाही.

त्यात आणखी एक पेच. लोकांनी विधवा मुली, सुना विश्वासाने पाठवाव्यात म्हणून आश्रमाने पुनर्विवाहाच्या चळवळीपासून स्वतःला मुद्दाम लांब ठेवलं होतं. त्यामुळे ज्या संस्थेसाठी घर उपाशी, तिथे पुनर्विवाह केलेल्या बायांनी राहणंच अडचणीचं. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले विधवा होत्या, त्यांना आश्रमात जागा होती. त्या तिथे शिकल्या, तिथल्याच झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. सख्ख्या बहिणी. एकीला आत जागा, एकीला नाही.

बाया मात्र नुसत्या बसून राहणाऱ्या नव्हत्या. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं, कारण घरात दुसरा पैसा यायला हवा हे त्यांना कळत होतं. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्या अण्णांबद्दल बोलतात ते कौतुकाने आणि चरफडत, एकाच दमात. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ १९१५चं. त्यातला सूर हिशेबनिसाचा आहे: इतके जमले, इतके खर्च झाले, इतके उरले. बायांच्या पुस्तकात खर्च कुणाचा झाला ते कळतं.

पुढचा पसारा आपल्याला साधारण माहीत असतो. १९०७ला महिला विद्यालय, १९०८ला निष्काम कर्म मठ, म्हणजे दोनाच्या तीन आणि तिनाच्या चार नोकऱ्या. १९१४ला फर्ग्युसनमधून निवृत्ती. तेव्हा वय ५६. दोनच वर्षांत महिला विद्यापीठ, सुरुवातीला पाच विद्यार्थिनी. १९२०ला ठाकरसींची १५ लाखांची देणगी आली आणि ते एसएनडीटी झालं. चिखलातली वाट तोपर्यंत मागे पडली होती.

मी चालत गेले त्या दिवशी कर्वेनगरात पोचले तेव्हा कॉलेज सुटत होतं. हिंगण्याचा माळ कुठेच नाही, आता सगळ्या इमारती. फाटकातून मुली स्कूटी काढत होत्या, हेल्मेटसाठी एकमेकींच्या डिक्या उघडत होत्या. रिक्षावाल्याला फर्ग्युसनला सोडाल का विचारलं, तर तो म्हणाला, मीटरने नाही परवडत ताई, रिकामं यावं लागतं.

अण्णांचं पुस्तक वाचणार असाल तर बायांचंही शेजारी ठेवा. आधी त्यांचं वाचलंत तरी चालेल. मी तसंच केलं.