मुक्त स्रोत आज्ञावली आणि लघुउद्योग : अंबडच्या निमित्ताने

नाशिकच्या औद्योगिक नकाशावर सातपूर आणि अंबड ही दोन नावे जोडीने घेतली जातात. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या बरोबरीने त्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योगही मोठ्या संख्येने आहेत. लेथ, मिलिंग, प्रेस, पत्र्याची कटाई, फॅब्रिकेशन, विद्युत पॅनेलची जोडणी अशा कामांवर ते चालतात. या वर्कशॉपमधील संगणक आता हिशेबापुरता राहिलेला नाही. ग्राहकाकडून येणारे ड्रॉइंग, सीएनसी यंत्राला द्यावयाचा प्रोग्रॅम, तपासणीचा अहवाल, मालाची आवक-जावक या सर्वांसाठी सॉफ्टवेअर लागते. त्याची किंमत किती, त्याचा परवाना कोणता आणि ते किती वर्षे साथ देईल, हे तीन प्रश्न त्यामुळे लघुउद्योजकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात.

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. नीट राखलेले लेथ यंत्र वीस-पंचवीस वर्षे सहज काम देते. संगणक प्रणालीला एवढे आयुष्य नसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला दिला जाणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला. विंडोज ७ च्या बाबतीत तो दिवस १४ जानेवारी २०२० रोजी आला, तर विंडोज १० च्या बाबतीत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्र ठणठणीत असते, पण त्याला जोडलेला संगणक बदलता येत नाही. कारण जुने सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकार व साधन दोन्ही फक्त मूळ कंपनीकडे असते. ही अडचण ज्या व्यवस्थेत मुळापासून टाळता येते, ती म्हणजे मुक्त स्रोत आज्ञावली, अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

मुक्त स्रोत म्हणजे काय?

प्रोग्रॅमर जी आज्ञावली लिहितो, तिला मूळ संहिता म्हणतात. संगणकाला समजेल अशा रूपात तिचे रूपांतर झाल्यावर माणसाला ती वाचता येत नाही. व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाला सामान्यतः हे रूपांतरित स्वरूपच मिळते. मुक्त स्रोत आज्ञावलीत मूळ संहिता खुली असते आणि ती वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा हक्क परवान्याद्वारे दिलेला असतो.

या विचाराला चळवळीचे रूप दिले ते रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, हा परवाना आला. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा रूढ झाली ती १९९८ पासून. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

लायब्ररी : तयार सुटे भाग

कोणतेही वर्कशॉप बेअरिंग किंवा नट-बोल्ट स्वतः बनवीत बसत नाही. ठरलेल्या मापाचे बेअरिंग बाजारातून आणून ते आपल्या जोडणीत बसविले जाते. प्रोग्रॅमरच्या कामात लायब्ररीचे स्थान नेमके हेच आहे. वारंवार लागणारे एखादे काम करणारी, तपासलेली, तयार संहिता म्हणजे लायब्ररी. प्रोग्रॅमर ती आपल्या प्रोग्रॅमला जोडतो आणि केवळ स्वतःच्या गरजेचा भाग नव्याने लिहितो.

अंबडसारख्या वसाहतीतील कामांवरून याची कल्पना येऊ शकते. पत्र्याची लेझर कटाई करणाऱ्या उद्योगाला ग्राहकाचे ड्रॉइंग बहुधा डीएक्सएफ स्वरूपात मिळते. भाव सांगण्यासाठी कटाईची एकूण लांबी आणि भोकांची संख्या काढावी लागते. पायथन या भाषेतील ‘ईझेडडीएक्सएफ’ ही मुक्त लायब्ररी अशी फाइल वाचून तिच्यातील रेषा, कमानी व वर्तुळे प्रोग्रॅमरच्या हाती देते. पुढची बेरीज आणि दराचा गुणाकार हा थोडक्या ओळींचा प्रोग्रॅम असतो.

दुसरे उदाहरण विजेच्या हिशेबाचे. कारखान्यातील पॅनेलवर बसविलेले अनेक ऊर्जामापक ‘मॉडबस’ या पद्धतीने संगणकाशी बोलू शकतात. ही पद्धत मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही ती सर्रास वापरात आहे. ‘पायमॉडबस’ ही लायब्ररी मापकातील आकडे वाचते. ते साठविण्यासाठी ‘एसक्यूलाइट’ हा छोटा माहितीकोश पुरतो. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेला हा कोश सार्वजनिक मालकीत सोडण्यात आला असून त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. सारी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. कोणत्या यंत्राने कोणत्या पाळीत किती वीज घेतली, हे एवढ्या सामग्रीवर कळू शकते.

ड्रॉइंगपासून यंत्रापर्यंत

लायब्ररी हा प्रोग्रॅमरच्या वापराचा विषय झाला. तिच्या आधारावर उभी राहिलेली तयार साधने मात्र ड्राफ्ट्समन आणि यंत्रचालक थेट वापरू शकतात.

‘फ्रीकॅड’ हे त्रिमिती आरेखनाचे साधन २००२ पासून विकसित होत आहे. त्याची १.० ही आवृत्ती येण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला, यावरून अशा कामाला लागणाऱ्या चिकाटीची कल्पना यावी. घनाकृतींचे सारे गणित त्यात ‘ओपन कॅस्केड’ ही लायब्ररी करते. मूळची एका फ्रेंच कंपनीची ही संहिता १९९९ मध्ये खुली करण्यात आली. फ्रीकॅडमध्ये तयार केलेला भाग ‘स्टेप’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणित स्वरूपात देता-घेता येतो. त्याच्या कॅम विभागातून सीएनसी यंत्रासाठी जी-कोडही काढता येतो.

‘लिनक्ससीएनसी’ हे साधन त्यापुढची पायरी गाठते. अमेरिकेच्या प्रमाणन व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात हाती घेतलेल्या यंत्रनियंत्रक प्रकल्पातून ते वाढले. जी-कोड वाचून मोटारींना हालचालीचे संदेश देण्याचे काम साध्या संगणकाद्वारे करता येते. यंत्राचा सांगाडा, स्लाइड व स्पिंडल चांगले आहेत, पण मूळ कंट्रोलर निकामी झाला आहे आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, अशा जुन्या यंत्रांच्या नूतनीकरणासाठी ते उपयोगी पडते. मात्र हे काम जाणकाराचेच आहे. तातडीने यंत्र थांबविण्याची सोय सॉफ्टवेअरवर न सोपविता स्वतंत्र वायरिंगने करणे येथे अनिवार्य समजले जाते.

विद्युत व इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी ‘कायकॅड’ हे सर्किट बोर्डाच्या आरेखनाचे साधन आहे. ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये त्याचा आरंभ केला. पुढे जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला मोठा हातभार लावला.

पवईतील प्रयत्न

अशी साधने परदेशातूनच येतात, असे समजण्याचे कारण नाही. पवई येथील आयआयटी मुंबईमध्ये ‘फॉसी’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या साहाय्याने उभा राहिला. अभियांत्रिकी शिक्षणात मुक्त स्रोत साधने रुजविणे हा त्याचा हेतू. पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या गणिती साधनात विद्यार्थ्यांकडून लिहून घेण्याचा उपक्रम या प्रकल्पाने राबविला. त्याच प्रकल्पातील ‘ईसिम’ हे साधन कायकॅड आणि ‘एनजीस्पाइस’ यांना एकत्र आणून सर्किटचे आरेखन व चाचणी एकाच ठिकाणी करू देते.

फॅब्रिकेशन व्यवसायाच्या दृष्टीने यातील ‘ऑसडॅग’ हे साधन विशेष लक्षणीय आहे. पोलादी बांधकामातील तुळई आणि खांब यांचे जोड, त्यांतील बोल्टांची संख्या, प्लेटची जाडी, वेल्डची लांबी यांची गणना ते ‘आयएस ८०० : २००७’ या भारतीय मानकानुसार करते, जोडाचे त्रिमिती चित्र दाखविते आणि गणनेचा अहवालही देते. त्यातील त्रिमिती चित्रामागे पुन्हा तीच ओपन कॅस्केड लायब्ररी आहे. फ्रान्समध्ये लिहिलेली संहिता मुंबईत भारतीय मानकाला जोडली जाते आणि नाशिकचा अभियंता ती विनामूल्य उतरवून घेऊ शकतो, हे खुलेपणाचे प्रत्यक्ष फळ होय. संरचना अभियंत्याची जबाबदारी आणि सही मात्र कोणतेही साधन घेऊ शकत नाही.

भाषेची अडचण दूर करण्यासाठी आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा साधनांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील अनेक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. आयटीआय अथवा पदविका घेऊन वर्कशॉपमध्ये आलेल्या तरुणाला ते घरी बसून पाहता येतात.

परवाना वाचणे आवश्यक

मुक्त म्हणजे अटीविना, असा समज चुकीचा आहे. ‘एमआयटी’, ‘बीएसडी’ व ‘अपाची’ हे परवाने सैल आहेत. मूळ लेखकाचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवून ती संहिता विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्येही वापरता येते. जीपीएलची अट कडक आहे. या परवान्याखालील संहिता बदलून किंवा आपल्या संहितेत मिसळून ती दुसऱ्याला दिली, तर मूळ संहितेसह देणे बंधनकारक ठरते. केवळ स्वतःच्या कारखान्यात वापर असेल, तर ही अट लागू होत नाही. एलजीपीएल हा या दोहोंमधला मार्ग असून तो प्रामुख्याने लायब्ररींसाठी वापरला जातो. यंत्राबरोबर सॉफ्टवेअरही विकणाऱ्या उद्योगाने हा फरक आधीच समजून घेणे हिताचे.

याची दुसरी बाजू चोरीच्या प्रतींची आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून चोरीची प्रत, असा युक्तिवाद मुक्त साधने उपलब्ध असताना टिकणारा नाही.

मोल आणि निगा

मुक्त साधनांचा पुरस्कार करताना त्यांच्या मर्यादा झाकणे योग्य ठरणार नाही. मोठा ग्राहक ज्या विशिष्ट सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग पाठवितो, ते जसेच्या तसे फ्रीकॅडमध्ये उघडेलच असे नाही. स्टेप फाइलमधून आकार येतो, पण तो कोणत्या क्रमाने घडविला ही माहिती सहसा येत नाही. प्रशिक्षणाला वेळ द्यावा लागतो आणि अडचण आल्यास बोलावता येईल असा विक्रेत्याचा प्रतिनिधी नसतो.

याहून गंभीर प्रश्न निगेचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत मोठी सुरक्षात्रुटी उघड झाली आणि जगभरच्या कंपन्यांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती नेमकी कोठे दडली आहे, याचा शोध घ्यावा लागला. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. त्या साधनाचा भार प्रामुख्याने एका स्वयंसेवकावर होता आणि मदतनीस म्हणून शिरलेल्या व्यक्तीने दीर्घकाळ विश्वास संपादन करून हा डाव साधला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला आणि त्याने मूळ शोधून काढले. संहिता खुली असल्यामुळे शोध घेता आला, हे खरे. पण ती केवळ खुली आहे म्हणून कोणी तरी तपासतच असेल, हे गृहीत धरता येत नाही, हा यातील धडा होय.

निवड करताना

एखादी लायब्ररी अथवा साधन स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते. शेवटची सुधारित आवृत्ती केव्हा आली? काम पाहणारे एक आहेत की अनेक? परवाना कोणता आहे? माहिती स्टेप, डीएक्सएफ यांसारख्या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येते काय? कारखान्यात कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली आहे, याची यादी स्टोअरच्या नोंदवहीइतक्याच काटेकोरपणे ठेवावी. नवे साधन प्रथम एखाद्या किरकोळ कामावर वापरून पाहावे आणि जुनी पद्धत लगेच मोडू नये.

बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून काम करून घेताना मूळ संहिता, वापरलेल्या लायब्ररींची यादी आणि माहितीकोशाची प्रत कारखान्याच्या ताब्यात राहील, ही अट करारात असणे आवश्यक आहे. प्रोग्रॅमर गाव सोडून गेला किंवा त्याचा व्यवसाय बंद पडला, तर दुसऱ्याला तेच काम पुढे नेता येते ते एवढ्याच आधारावर.

परवान्यावर वाचणाऱ्या रकमेचा काही भाग माणसावर खर्च झाला, तरच ही व्यवस्था टिकते. एकट्या लघुउद्योगाला पूर्णवेळ प्रोग्रॅमर परवडत नाही. शेजारच्या आठ-दहा उद्योगांनी मिळून एक ठेवला, तर परवडू शकतो. अंबड इंडस्ट्रीज अँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन अर्थात ‘आयमा’ आणि नाशिकची ‘निमा’ यांसारख्या संघटनांच्या रूपाने एकत्र येण्याची जागा येथे आधीपासूनच आहे. वर्कशॉपमधील यंत्राची किल्ली मालकाच्या खिशात असते. त्या यंत्राला चालविणाऱ्या आज्ञावलीची किल्लीही तेथेच असावी, ही अपेक्षा मुक्त स्रोत साधनांमुळे आज वाजवी खर्चात पुरी होऊ शकते.