वीरशब्दाची व्याप्ती आणि सुरत नगर

साहित्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानिला आहे. भरतमुनींनी या रसाचे दान, धर्म व युद्ध असे तीन भेद सांगितले. चौदाव्या शतकात विश्वनाथाने त्यांत दयावीराची भर घातली. हे भेद केवळ पोथीपुरते नाहीत, हे सुरत नगराच्या इतिहासावरून दिसते.

शाहिस्तेखानाच्या स्वारीत मुलूख उद्ध्वस्त झाल्यावर जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि वीरजी व्होरासारख्या धनाढ्याचा वाडा लुटला गेला. मराठी मनास हा पराक्रम वाटतो. सुरतेच्या पेढीवाल्यास तो घालाच वाटला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हे. तथापि फ्रेंच प्रवासी बर्निये याने एक गोष्ट नोंदविली आहे. डच वखारीचा एक हिंदू दलाल पूर्वीच वारला होता. तो हयातीत मोठा दानी होता असे समजल्यावरून त्याचे घर अस्पर्श ठेवण्यात आले. युद्धवीराने दानवीरास ओळखिले, तेही त्याच्या मृत्यूनंतर!

पुढे लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीस राष्ट्रीय उत्सवाचे रूप दिले. डिसेंबर 1907 मध्ये त्याच सुरतेत राष्ट्रसभेत जहाल आणि मवाळ यांची फूट पडली. मंडपात जोडा आला, खुर्च्या उडाल्या. त्यास शौर्य म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु ज्याचा आदर्श पुढे ठेवावयाचा तो वीर आता तलवारीवाचून कसा लढावा, हा प्रश्न मात्र खरा होता.

त्याचे उत्तर 1928 मध्ये सुरत जिल्ह्यातील बारडोलीने दिले. शेतसारा 22 टक्क्यांनी वाढविल्यावर शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली तो भरण्याचे नाकारिले. जमिनी जप्त झाल्या, गुरे ओढून नेण्यात आली; पण हात कोणी उगारला नाही. पुढे सरकारी चौकशीनेच वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आणिली. वल्लभभाई ‘सरदार’ झाले ते येथेच. मूळचा हा शब्द फौजेतला!

शास्त्रात यास स्थान कोणते? शाहजहानाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त स्पष्ट म्हटले आहे की, वीराचे भेद चारच मानण्याचे कारण नाही; सत्यवीर, क्षमावीरही मानावे लागतील. बारडोलीकरांनी तो ग्रंथ पाहिला नव्हता. जप्तीवाल्यांच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी म्हशी घरात कोंडल्या, दारे लाविली, आणि त्याच काळोखात गुराढोरांसह उन्हाळा काढिला.