ट्वेंटी-के हाउस
अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाच्या ‘रूरल स्टुडिओ’ने २००५ मध्ये सुरू केलेला अल्पखर्ची ग्रामीण घरांचा प्रकल्प. सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये स्थापलेला हा स्टुडिओ हेल परगण्यात आहे. साहित्य व मजुरी मिळून २०,००० डॉलर (नावातील ‘ट्वेंटी-के’ म्हणजे वीस हजार), ही मर्यादा सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला झेपेल अशा कर्जावरून ठरली. आराखडे विद्यार्थ्यांचे. दमट उष्म्यासाठी जमिनीपासून उचललेली लाकडी बांधणी, उंच छत, समोरासमोर खिडक्या, पत्र्याचे छप्पर. पुढची ओसरी मात्र काटकसरीतही वगळली नाही, आणि ते योग्यच. तिथल्या खेड्यांत बैठक ओसरीवरच जमते. पुढे खर्च आकड्यापलीकडे गेला, नाव तेच राहिले. खरी अडचण बांधकामापेक्षा कर्जाची: इतक्या छोट्या रकमेच्या गृहकर्जात बँकांना रस नसतो.